तिसरी शिट्टी

आबा पुन्हा त्याच ओळीवर अडकले.

पहिल्या दोन खेपांना खोकला आला होता, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. या वेळी खोकला नव्हता. निम्मी फुप्फुसं दगडाच्या भुकटीने भरलेली, वय ब्याऐंशी, तरी आवाज असा लागला होता की ‘दोन शिट्ट्या माणसाच्या, तिसरी दिली डोंगरानं’ ऐकताना ड्रमवर बसलेल्या धाकट्या मुलाच्या, ठोक्याच्या, हातावर काटा उभा राहिला. पुढची ओळ सुरुंगवाल्याची. तिथे आबांनी तोंड मिटलं आणि माइकसमोर नुसते बसून राहिले.

"पुरे," सूनबाई म्हणाली. गळ्यातली बेस गिटार बाजूला टेकवून तिनं ऑक्सिजनच्या यंत्राचं बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं. त्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून गाण्यापुरतं ते बंद ठेवावं लागत होतं, फार तर दोन मिनिटं. ती दोन मिनिटं सूनबाई बेस वाजवता वाजवता आबांच्या नखांकडे बघत असायची. नखं निळसर झाली की थांबायचं, असं तिनंच ठरवून दिलं होतं.

"आबा, एकच ओळ राहिलीय," थोरला म्हणाला. गिटार मांडीवर, आवाजात आर्जव. "तिच्यासाठी तर एवढा खटाटोप चाललाय. आधी तुम्ही एकटे. मग ठिणगीचा ठोका. मग माझी गिटार. लोक खुर्चीत बसणार नाहीत."

"लोक आपल्या कार्यक्रमाला खुर्चीत बसतातच कुठे," ठोक्या म्हणाला.



टायरचं जुनं गोदाम होतं ते, घराच्या मागच्या अंगाला. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, वर पत्रा, आणि रबराचा वास इतक्या वर्षांतही गेला नव्हता. आबांना स्टुडिओचे जिने चढवणार नाहीत म्हणून सगळं सामान इथेच मांडलं होतं. ठिणगी, थोरल्याची मुलगी, दाराशी लॅपटॉप घेऊन बसली होती, कानांवर हेडफोन. खाणीतल्या दगडावर स्वतः घण मारून तिनं आवाज भरून आणले होते आणि त्यांच्या तुकड्यांतून एक ठोका बांधला होता. तो ऐकून आबा म्हणाले होते, "हा घण मारणारा दमत कसा नाही?"

गाणं आबांचंच. सेहेचाळीस वर्षांपूर्वी खाणीत सहा माणसं सुरुंगाखाली गेली, त्याचं. आबा तेव्हा खाणीतले शिट्टीवाले. नियम साधा होता. पहिली शिट्टी काम थांबवायची, दुसरी वर यायची, आणि खाली कुणी नाही याची खात्री झाली की तिसरी. तिसरीनंतरच सुरुंगवाल्यानं वात पेटवायची. त्या दिवशी शिट्ट्या दोनच झाल्या, सुरुंगवाला प्रतिध्वनीला फसला आणि त्यानं वात पेटवली, असं चौकशीत ठरलं. त्याच वर्षी आबांनी हे गाणं रचलं आणि खाणकामगारांच्या टोळ्या घण मारताना ते म्हणायला लागल्या. पुढे थोरला एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला, तिथल्या घासलेल्या तबकड्यांवर त्यानं परदेशी काळ्या मजुरांचं ब्लूज ऐकलं आणि घरी येऊन म्हणाला, आबा, ही माणसं तुमच्यासारखंच रडतात. त्यातून बँड झाला. बँडचं नावही त्या गाण्यातलंच ठेवलं, ‘तिसरी शिट्टी’.

आणि तो सुरुंगवाला म्हणजे सूनबाईचा बाप. हे बँडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. थोरल्यानं तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आबांनी एका शब्दानेही विरोध केला नाही. केवढं मोठं मन, लोक म्हणाले होते.

"मी पाणी गरम करून आणते. वाफ घेतली की घसा मोकळा होईल," सूनबाई म्हणाली आणि घराकडे गेली. थोरला फोन घेऊन अंगणात उतरला. शनिवारच्या कार्यक्रमाचा मंच लहान पडतोय, असं कुणीतरी कळवलं होतं.

ठिणगीनं रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. त्यात हेतू काही नव्हता, तिला मधल्या शांततेचा आवाज हवा होता, रिकाम्या खोलीचा. हेडफोनमध्ये तिला यंत्राची घरघर ऐकू येत होती आणि त्याखाली, अगदी माइकला लागून, आबांचा श्वास. मग आबा ठोक्याशी बोलले. एरवी खोलीतून ऐकूही गेलं नसतं.

"तिच्यासमोर म्हणवत नाही रे."

"इतकी वर्षं तीच वाजवतेय की शेजारी उभी राहून," काकाचा आवाज.

"तेव्हा दम होता. दम असला की ढकलून नेता येतं. आता प्रत्येक शब्द उचलून ठेवावा लागतो." बराच वेळ नुसता श्वास. "शिट्ट्या तीन होत्या."

"आबा."

"तीन दिल्या मी."

"मला माहितीये. आईनं जाताना सांगितलं मला. आता गप्प बसा. आजवर बसलात ना? मग आजच्या दिवस बसा."

ठिणगी हलली नाही. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ वरखाली होत होती. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की रेकॉर्डची सुरुवात मिळाली. आधी हे, मग गाणं. आजवर असं कुणी केलं नसेल. आईचा विचार त्यानंतर आला. मधे फार तर चार-पाच सेकंद गेली असतील, पण ती सेकंदं तिला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिली.

तिनं फाइल दोन ठिकाणी साठवली आणि लॅपटॉप उचलून अंगणात गेली.

थोरल्यानं ते एका कानाने ऐकायला सुरुवात केली, दुसऱ्या कानाला फोन होता. मग फोन खाली आला. पूर्ण ऐकून झाल्यावर तो पायरीवर बसला. त्याला आठवलं ते गाणं नव्हे, समोरची गर्दी. सुरुंगवाल्याची ओळ आली की तो गिटार थांबवायचा, हात कानामागे न्यायचा, आणि हजार-दोन हजार माणसं मुठी उगारून एका आवाजात ओरडायची, ‘सुरुंगवाल्या!’ ही युक्ती त्याचीच. अठ्ठावीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात. आणि त्याच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, ती मान खाली घालून बेस वाजवत असायची.

"पुसून टाक," तो म्हणाला.

"काय?"

"पुसून टाक ते. आत्ता, माझ्यासमोर."

ठोक्या एव्हाना बाहेर आला होता. दोघांचे चेहरे बघूनच त्याला कळलं. "माइक चालू होता?"

"तुला माहीत होतं?" थोरल्यानं विचारलं.

"अकरा वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय केलं असतंस? गाणं सोडलं असतंस?" ठोक्या म्हणाला. "खरं सांग. सोडलं असतंस?"

 थोरला आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा. आबांचे किती दिवस राहिलेत? डॉक्टर महिने म्हणतात, मी आठवडे म्हणतो. गेल्यावर बघू. शांतपणे ओळ बदलू, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आत्ता हे बाहेर काढून कुणाचं भलं होणार आहे? तुझ्या आईचं?"

"मला वाटतं हे रेकॉर्डवर जायला हवं," ठिणगी म्हणाली.

"काय?"

"सगळ्यात आधी. जसंच्या तसं, श्वासासकट. आपल्या बँडचं नावच खोटं आहे बाबा. मग हे आपणच सांगितलं तर..."

"तर काय? लोक वाहवा करतील?" ठोक्या म्हणाला. या बाबतीत तो आता थोरल्याच्या बाजूला उभा होता, अगदी शब्दशः, पायरीवर त्याच्या शेजारी. "पोरी, तुझी आई म्हणजे तुझ्या मशीनमधला दगडाचा आवाज नव्हे. तुकडा केला आणि लावला."

ते तिला लागलं. लागलं कारण नेमकं तेच ती करत होती.

"बरं," ती म्हणाली. "मी रेकॉर्डवर घालत नाही. तुम्ही पुसू नका. मग आईला कोण सांगणार, तू की काका?"

ठोक्यानं थोरल्याकडे पाहिलं. थोरला स्वतःच्या बोटांच्या टोकांवरच्या घट्ट्यांकडे बघत होता.

"कळलं," ठिणगी म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागली. थोरल्यानं तिचा दंड धरला. ठोक्यानं त्याचा हात सोडवला.

"जाऊ दे तिला," ठोक्या म्हणाला. "माझ्यानं झालं नाही. तिच्यानं होतंय तर होऊ दे."

सूनबाई पातेल्यावर झाकण ठेवत होती. मुलीनं काही न बोलता तिच्या कानांवर हेडफोन चढवले, तेव्हा तिला वाटलं नवीन ठोका ऐकवायचा असेल. ती ऐकत असताना ठिणगीला तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. फक्त गॅस बंद करण्यासाठी तिनं हात पुढे केला आणि तो बटणावर तसाच राहिला.

"परत लाव," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा ऐकून तिनं हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, मुलीच्या हातात दिले. मग गोदामात गेली. मागोमाग बाकीचे. आबा डोळे मिटून बसले होते. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली, माइक त्या दोघांच्या मधे. ऑक्सिजनचं यंत्र तिच्या गुडघ्याला लागून होतं.

"आबा."

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या तिघांकडे बघितलं, आणि त्यांना समजलं. त्यांची नजर यंत्राच्या बटणाकडे गेली.

"बंद कर हवं तर," ते म्हणाले.

"तुमचा जीव घेऊन मी काय करू? सगळं सांगा. पहिल्यापासून."

"सांगण्यासारखं थोडंच आहे."

"थोडं तर थोडं."

आबा थांबत थांबत बोलले. पाळी सुटायची वेळ होती. दोन शिट्ट्या देऊन झाल्या होत्या. वर येताना टोळी गात यायची, तसा नेमच होता. वरच्या रस्त्याने गाणं ऐकू आलं. "मला वाटलं आपलीच पोरं. बिल्ल्यांची फळी बघायला पाहिजे होती. वर आलेल्याचा बिल्ला फळीवर, खाली असलेल्याचा खिशात. फळी शंभर पावलांवर होती. मी गेलो नाही. गाणं ऐकलं आणि तिसरी दिली. ती दुसरीच टोळी होती, पलीकडच्या उतारावरची."

"आणि ती सहा माणसं?"

"कपारीखाली. अवजारं गोळा करत होती."

 ठिणगीनं आल्या आल्या माइकची तार उपटली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"चौकशीला काय झालं?" सूनबाईनं विचारलं.

"साहेबानं विचारलं, किती वाजवल्या. मी ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून दोन निघालं. तुझा बाप म्हणाला, मी तीन ऐकल्या. तर साहेबच म्हणाला, खाणीत आवाज फिरतो, दोनाच्या तीन होतात. मी सुचवलं नव्हतं ते. त्यानं आयतं हातात दिलं."

"आणि तुम्ही घेतलंत."

"घेतलं."

"बरं, ते भीतीनं झालं. घरात दोन लहान पोरं होती, नोकरी गेली असती, तुरुंग झाला असता. धरून चालू." तिचा आवाज वर चढला नाही. बेस वाजवतानाही तिची बोटं कधी घाई करत नसत. "गाणं का केलंत? गाणं करायला तर कुणी सांगितलं नव्हतं."

आबांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"लोक माझ्याकडे बघायला लागले होते," ते म्हणाले.

थोरल्याच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. ठोक्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"नऊ वर्षांची होते मी," सूनबाई म्हणाली. "बाबांना कुणी कामाला ठेवीना. बस डेपोत बसगाड्या धुवायचे, तिथेच झोपायचे. टोळ्या डेपोवरून जायच्या आणि मुद्दाम तिथे पोचल्यावर तुमचं गाणं म्हणायच्या. शाळेतून येताना मी ऐकलंय. बाबा पाण्याचा पाइप मोठा करायचे, ऐकू येऊ नये म्हणून." ती थांबली. "मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, मी फेड करतेय. बाबांनी केलं त्याची. तुमची पथ्यं, तुमची नळी, तुमची अंघोळ, सगळं मी आनंदानं केलं. उपकार वाटायचे मला तुमचे, आबा. सुरुंगवाल्याची पोर घरात घेतलीत म्हणून."

"तुला घरात घेतलं ते..." आबा म्हणाले आणि दम लागून थांबले. "ते पण त्याच्यासाठीच. तेवढंच काहीतरी द्यावं म्हणून."

"ते ऐकायची माझी इच्छा नाही."

"आपण ओळ बदलू," थोरला घाईघाईनं पुढे आला. "आजच बदलू. ‘शिट्टीवाल्या’ म्हणू. आबा स्वतः म्हणतील. म्हणाल ना आबा? शनिवारी मी मंचावरून सगळ्यांना सांगतो, तुझ्या बाबांचं नाव घेऊन. सगळं धुऊन निघेल. तू फक्त..."

"मी फक्त शेजारी उभी राहून वाजवायचं?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. सेहेचाळीस वर्षं माझा बाप गाण्यात होता, आता तुझा बाप गाण्यात येईल. गर्दी ओरडेल, तू कानामागे हात नेशील." तिनं नवऱ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, दमून. "गाण्यात सगळंच छान वाटतं रे. मला ते गाण्यात नकोय."

तिनं बेस पेटीत ठेवला, पट्टा आत दुमडला, दोन्ही कड्या लावल्या. शनिवारी मी नाही, एवढंच म्हणाली. थोरल्यानं ठोक्याकडे पाहिलं, तिला समजाव अशा नजरेनं. ठोक्यानं ड्रमच्या झांजेचा स्क्रू सैल करायला घेतला होता.

"मीही नाही," तो म्हणाला. "तुझा तू बघ."

"तू? तू तर गप्प बसा म्हणणाऱ्यांतला."

"होतो. आता नाही." मग तो सूनबाईकडे वळला. "वहिनी, मी अकरा वर्षं..."

"ऐकलं मी. रेकॉर्डिंगमध्ये आहे," ती म्हणाली. त्याला माफी मागायला तिनं जागाच ठेवली नाही.

आबांच्या नाकातली नळी एका बाजूनं निसटली होती. तिनं वाकून ती सवयीनं नीट बसवली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते तिचा हात धरू पाहत होते, पण तिनं तो आधीच मागे घेतला होता.

"उद्यापासून हे तुमचे मुलगे करतील," ती म्हणाली. "यंत्र रात्री तीनवर ठेवायचं, दिवसा दोनवर. पाणी रोज बदलायचं. ठोक्या, लिहून घे."

ठोक्यानं लिहून घेतलं.

तिची आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात राहायची. दुपारी चारला भेटायची वेळ सुरू व्हायची. सूनबाई पोचली तेव्हा आई खिडकीशी खुर्चीत बसून मोज्यांच्या घड्या करत होती. वसतिगृहातल्या सगळ्यांचे मोजे जोड्या लावून ठेवायचं काम तिनं मागून घेतलं होतं, वेळ जावा म्हणून. मांडीवर मोज्यांचा ढीग होता.

"आज कशी आलीस? तुमचं ते भरायचं होतं ना आज, म्हाताऱ्याचं गाणं?"

"झालं नाही."

"आजारी आहे जास्त?"

"आई, तुला एक सांगायचंय."

वाटेत बसमध्ये तिनं दहा वेळा ठरवलं होतं की सांगायचं नाही. मेलेल्या सहांत आईचा सख्खा भाऊ होता. तेराव्या दिवशी आईनं नवऱ्याचे कपडे एका पेटीत भरून पेटी दाराबाहेर ठेवली होती, आणि त्यानंतर त्याला कधी घरात घेतलं नव्हतं. सत्तर-ऐंशी पावसाळे पाहिलेल्या बाईला आता, नवरा जाऊन एक जमाना झाल्यावर, हे कळून काय उपयोग? पण मग थोरल्याचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं, ‘पुसून टाक’ म्हणणारं. ते तिनं ऐकलं नव्हतं. ठिणगीनं सांगितलं होतं, बसस्टॉपपर्यंत सोबत चालताना, रडत. आणि तिला वाटलं, पुसून टाकणाऱ्यांत आपण नको.

तिनं सगळं सांगितलं. गाणं ऐकू आलं ते, फळी, चौकशी. आई मोज्यांच्या घड्या करत राहिली. एका काळ्या मोज्याचा जोड सापडत नव्हता. तिनं ढीग दोनदा उलटापालटा केला.

"आई, ऐकलंस ना? बाबांची चूक नव्हती. शिट्ट्या तीन झाल्या होत्या."

"माहितीये," आई म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्यानंच." आईनं काळा मोजा बाजूला ठेवला. "दोन हिवाळे येत होता. तुम्ही झोपलात की यायचा. दार वाजवायचा नाही, नुसता दाराला तोंड लावून बोलायचा. मी मोजून तीन ऐकल्या गं, म्हणायचा. शपथ घेतो म्हणायचा, पोरीची घेतो. मी आतून कडीला हात लावून उभी असायचे. मला वाटायचं, माणूस आणखी काय सांगणार? माझा भाऊ मातीत गेलेला, आणि हा आपला मोजतोय."

"आणि तू?"

"मी एकदाही उत्तर दिलं नाही. एकदा बोलून झाल्यावर तो गेलाच नाही. पायरीवर बसून राहिला. मला त्याचे दात वाजलेले ऐकू येत होते. एवढं पातळ होतं ते दार."

सूनबाईनं आईच्या मांडीवरचे मोजे उचलून टेबलावर ठेवले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. हात गार होते. बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, शेजारच्या घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसा.

"त्याला थंडी सोसायची नाही गं," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच."